नववीच्या वर्गात होलोकॉस्ट: आकड्यांऐवजी एकेका माणसाची गोष्ट कशी सांगावी?

खडूधूळ

नमस्कार. मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात ज्यूंच्या संहाराच्या, म्हणजे होलोकॉस्टच्या, वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. ६० लाख हा आकडा, ऑशविट्झ हे नाव, न्यूरेंबर्गचा खटला, आणि लगेच संयुक्त राष्ट्रसंघ. मुलं आकडा पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात आणि विसरून जातात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, त्यात आमच्याएवढी मुलं पण होती का?" सुमारे १५ लाख मुलं होती, ते मी तिला सांगितलंही. पण तिला कोणीतरी एक मुलगा, एक मुलगी हवी होती. नाव असलेली.

म्हणून यंदा हा भाग माणसांच्या आयुष्यांतून शिकवायचं ठरवलं आहे. चार तास मिळतील. अ‍ॅन फ्रँकचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तिच्याखेरीज कोणाची गोष्ट घ्यावी? किती भीषण सांगावं? चौदा वर्षांच्या मुलांपुढे प्रेतांच्या ढिगांचे फोटो ठेवायला माझं मन धजत नाही, आणि काहीच दाखवलं नाही तर सगळं गुळमुळीत होईल अशीही धास्ती वाटते. एका सहकाऱ्यांनी सुचवलं की अर्ध्या वर्गाच्या छातीवर, ज्यूंना सक्तीने लावावा लागे तसा पिवळा तारा लावू, त्यांना दिवसभर मागच्या बाकांवर बसवू, म्हणजे मुलांना "अनुभव" येईल. ते मला पटत नाही. पण का पटत नाही हे त्यांना मुद्देसूद सांगायला मला मदत हवी आहे.

आणखी एक. दरवर्षी एक तरी मुलगा म्हणतोच, "पण बाई, हिटलरने देशाला शिस्त लावली ना?" त्याला गप्प बसवायचं नाही, उत्तर द्यायचं आहे. ते एखाद्याच्या जीवनकथेतून देता येईल का?

पानगळ

अ‍ॅनला वगळू नका, एवढंच सांगते. ती सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण मुलांना माहीत असते ती मुखपृष्ठावरची हसरी मुलगी. तिच्या डायरीतली शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ची. ४ ऑगस्टला पोलीस आले. पुढचं तिने लिहिलेलं नाही, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात गोष्ट त्या लपायच्या जागेतच थांबते. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीतून ऑशविट्झला जी शेवटची गाडी गेली ती ३ सप्टेंबरची, आणि अ‍ॅन त्या गाडीत होती. तिथून तिला बहिणीसोबत बेर्गेन-बेल्झेनला पाठवलं. १९४५च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दोघी तिथे वारल्या. ब्रिटिश सैन्य त्या छावणीत पोचलं १५ एप्रिलला. लपलेल्या आठ जणांपैकी एकटे वडील परत आले.

हे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि एकही फोटो लागत नाही. पण सांगायलाच हवं. नाहीतर माणसांच्या चांगुलपणावरचं तिचं ते प्रसिद्ध वाक्य ऐकून मुलं समाधानाने दप्तर आवरतात.

बखरीचं_पान

ताई, हा विषय मी निवृत्त होईपर्यंत शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोष्ट कोणाची हे ठरवण्याआधी ती कशासाठी सांगायची ते पक्कं करा. मुलांना रडवण्यासाठी असेल तर नका सांगू. हळहळ दोन दिवसांत ओसरते. एक माणूस आणि त्याच्याभोवती आवळत जाणारे कायदे, ही दोन्ही एकाच वेळी दिसली पाहिजेत. त्यामुळे ज्याचं रोजचं जगणं तारखांसकट आपल्या हाती लागलं आहे, असा माणूस मी शोधतो. माझ्या वर्गात तो बहुतेक वेळा पेत्र गिंझ असायचा.

पेत्र प्रागचा. जन्म १ फेब्रुवारी १९२८. वडील ज्यू, आई ज्यू नव्हती. आईवडील दोघंही एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेचे चाहते, आणि हा पोरगा एस्पेरांतो-चेक शब्दकोश करायला बसलेला. साहसकथा लिहायचा, त्यांत चित्रंही स्वतःच काढायचा. धाकटी बहीण एव्हा. पहिल्या तासाला एवढंच सांगा. छावणी नाही, मरण नाही, हिटलरसुद्धा नाही. मुलांना तो आवडू द्या. वर्गात कोणीतरी असतंच, वहीच्या मागच्या पानांवर कादंबरी लिहिणारं. त्याचा चेहरा बघा त्या वेळी.

दुसऱ्या तासाला त्याची डायरी. सप्टेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४२ या काळातल्या नोंदी आहेत, तेव्हा तो तेरा-चौदाचा. १९ सप्टेंबर १९४१पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला पिवळा तारा लावून फिरण्याची सक्ती झाली. पेत्र काय लिहितो? शाळेत जाताना वाटेत ६९ "शेरीफ" (म्हणजे अमेरिकी शेरीफासारखा छातीवर तारा लावलेली माणसं) मोजले, आईला तर शंभरावर दिसले. आणि द्लोउहा नावाच्या रस्त्याला आता लोक "आकाशगंगा" म्हणतात. इथे मुलं हसतात. हसू द्या, तोही हसूनच लिहितो आहे. मग त्या पानाशेजारी हुकमांची यादी ठेवा: रेडिओ जमा करा, सायकली जमा करा, वाद्यं जमा करा, रात्री आठनंतर घराबाहेर नको, ट्राममध्ये बसायचं ते मागच्या डब्यात. पेत्रच्या नोंदी मात्र त्याच सुरात चालू राहतात. सकाळी अभ्यास, दुपारी शाळा, मधेच कोणीतरी ओळखीचं "ट्रान्सपोर्ट"मध्ये, म्हणजे छावणीकडे जाणाऱ्या गाडीत, गेलं, संध्याकाळी पुन्हा अभ्यास. टाहो कुठेच नाही. दिवस मोजणारा मुलगा आहे तो, आणि त्याच्या त्या थंड नोंदींमुळेच वर्ग हळूहळू शांत होत जातो. तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही.

मग फळ्यावर एक नियम लिहा. अशा मिश्र विवाहातली मुलं चौदा वर्षांची झाली की एकटी छावणीत धाडली जायची. आणि मुलांना बेरीज करायला लावा: १९२८ अधिक १४. ऑक्टोबर १९४२मध्ये पेत्र आईवडिलांशिवाय तेरेझीनच्या छावणीत गेला. तो घरातून कधी जाणार हे कायद्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, हे मुलं स्वतः गणित करून शोधतात. माझ्या सगळ्या तासांतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच असायचा, म्हणून इथे घाई करू नका.

तिसरा तास तेरेझीनचा. तिथल्या मुलांच्या एका वसतिगृहात, म्हणजे एका जुन्या शाळेच्या इमारतीतल्या एका खोलीत, मुलांनी "वेदेम" नावाचं साप्ताहिक चालवलं. डिसेंबर १९४२ ते १९४४चा शरद ऋतू. संपादक पेत्र. छापखाना नव्हता, त्यामुळे अंक एकच, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसून तो मोठ्याने वाचायचा. लेख आले नाहीत तर हा पठ्ठ्या घरून आलेल्या खाऊतला वाटा देऊन लेख मिळवायचा, तरीही नाही आले तर टोपणनावांनी स्वतःच लिहून काढायचा. सुमारे ८०० पानं आज शिल्लक आहेत, कारण त्या खोलीतल्या झ्देन्येक टाउसिग या मुलाने ती लपवून ठेवली आणि युद्ध संपल्यावर बाहेर आणली. शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख मागून दमलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना पेत्र कळायला वेगळं काही करावं लागत नाही.

२८ सप्टेंबर १९४४ला पेत्र ऑशविट्झच्या गाडीत चढला. तोपर्यंत एव्हाही चौदाची होऊन तेरेझीनला आली होती. गाडी सुटण्याआधी तिने त्याला पाव नेऊन दिला, हे तिने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं आहे. ऑशविट्झला पोचल्यावर त्याला विषारी वायूच्या कोठडीत मारलं. तो सोळा वर्षांचा होता. हे वाक्य असंच, सरळ सांगा. "तो देवाघरी गेला" वगैरे नको, आणि कोठडीच्या आत काय होत असेल याचं वर्णनही नको. एव्हा आणि वडील वाचले.

एक इशारा. पेत्रने काढलेलं एक चित्र आहे, चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचं. इलान रामोन या इस्रायली अंतराळवीराने त्याची प्रत कोलंबिया यानातून नेली. यान १ फेब्रुवारी २००३ला कोसळलं, म्हणजे नेमकं पेत्रच्या ७५व्या जन्मदिवशी. त्या बातम्यांमुळेच प्रागमधल्या एका घरात पडून राहिलेल्या त्याच्या वह्या उजेडात आल्या. मुलांना हा भाग भयंकर आवडतो, आणि म्हणून तो जपून वापरा. योगायोगाच्या नवलाईत खून विरून जायला नको. मी तो चौथ्या तासाच्या शेवटी सांगायचो, तेही कोणी विचारलं की "मग ही डायरी मिळाली कशी?"

आता ताऱ्याचा खेळ. तुमच्या सहकाऱ्यांना एवढंच विचारा: घंटा झाल्यावर तारे काढायचे ना? पेत्रला तो काढता येत नव्हता. तास संपल्यावर निघणाऱ्या ताऱ्याने "आम्हाला कळलं, ज्यूंना कसं वाटलं" असा खोटा भरवसा मुलांच्या मनात बसतो. शिवाय वर्गात जो आधीच कोपऱ्यात बसतो, ज्याची आधीच टिंगल होते, त्याच्या छातीवर तारा आला तर? आणि ज्यांना पहारेकरी केलं त्यांना त्यात मजा वाटायला लागली तर? इस्रायलमधलं होलोकॉस्ट स्मारक याद वाशेम आणि वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय या दोन्ही संस्था शिक्षकांना असे खेळ घेऊ नका असंच सांगतात. "मी पेत्र आहे असं समजून पत्र लिहा" हाही गृहपाठ नको. पेत्रने लिहिलेलं वाचायला द्या, त्याच्या जागी मुलांनी लिहायची गरज नाही.

सायंतारा

वरचा प्रतिसाद फार आवडला, पण एक भर घालते. एकच गोष्ट घेतली की मुलांना वाटतं सगळे पेत्रसारखे होते: शहरी, शिकलेले, लिहून ठेवणारे. ज्यांनी काही लिहिलं नाही त्यांचं काय?

वेस्टरबोर्क छावणीत १९ मे १९४४ला एक फिल्म घेतली गेली. छावणीच्या जर्मन प्रमुखाच्या हुकमावरून, आणि चित्रण करणारा रुडॉल्फ ब्रेस्लाउअर हा स्वतः ज्यू कैदी. त्यात मालडब्याच्या दाराच्या फटीतून एक मुलगी बाहेर बघते, डोक्याला फडकं बांधलेलं, कारण केस भादरलेले. काही क्षणांचं दृश्य. युद्धानंतर कितीतरी वर्षं ते ज्यूंच्या छळाचं चित्र म्हणून जगभर दाखवलं गेलं, आणि ती मुलगी कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९९४मध्ये आद वाखेनार या डच पत्रकाराने शोधून काढलं की ती ज्यू नव्हतीच. ती सिंती (रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जाई त्या लोकांपैकीच एक गट) होती, नाव सेत्तेला श्टाइनबाख, वय नऊ. त्या गाडीत २४५ सिंती आणि रोमा होते. सेत्तेला ऑशविट्झमध्येच मारली गेली. गाडीची तारीखसुद्धा फिल्ममध्ये दिसणाऱ्या एका सुटकेसवरच्या नाव आणि जन्मतारखेवरून ठरवता आली.

मी ही गोष्ट शोधकथा म्हणून सांगते. आधी चौकट दाखवते आणि विचारते, काय काय दिसतंय? मुलं फडकं बघतात, डब्यावर खडूने लिहिलेलं बघतात. नाव सगळ्यात शेवटी. रोमा आणि सिंती लोकांचाही संहार झाला हे पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत असतं. सेत्तेला बघितलेली मुलं ती अर्धी ओळ सोडून पुढे जात नाहीत.

खडूधूळ

ताई, सर, मनापासून आभार. ती बेरीज वाचून मी स्वतः जरा वेळ थांबले. फोटोंचं काय करू ते अजून ठरत नाही. आणि शिस्तवाल्या मुलाचा प्रश्न राहिलाच.

बखरीचं_पान

फोटोंबद्दल आधी. प्रेतांचे फोटो नकोत, तुमचं मन बरोबर सांगतंय. त्यांत कोणाचंच नाव उरलेलं नसतं, आणि आपण तर नाव द्यायला निघालो आहोत. त्याऐवजी ऑशविट्झ अल्बममधला एखादा फोटो घ्या. १९४४च्या उन्हाळ्याच्या तोंडावर हंगेरीतून ज्यूंच्या गाड्या ऑशविट्झला येत होत्या. आठ आठवड्यांत सव्वाचार लाखांहून जास्त माणसं आणली गेली. फलाटावर उतरलेल्या त्या माणसांचे फोटो छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्याच लोकांनी काढले. युद्ध संपताना लिली याकोब नावाची अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी दुसऱ्याच एका छावणीत आजारी पडलेली होती. तिथल्या एका रिकाम्या बराकीत पांघरूण शोधताना तिला तो अल्बम सापडला. उघडला तर आत तिच्याच गावचे लोक, आणि तिचे दोन धाकटे भाऊ, झेलिग आणि स्रिल, एकसारखे कोट घालून उभे. दोघंही मारले गेले होते. तो फोटो दाखवा. अंगावर येणारं त्यात काहीही नाही, दोन लहान मुलं कॅमेऱ्याकडे बघत आहेत. हा फोटो कोणी काढला, कशासाठी काढला, हे मुलांनाच विचारू द्या. मारणाऱ्यांनी नोंद म्हणून काढलेला फोटो एका बहिणीकडे भावांची आठवण म्हणून राहिला, हे कळलं की फोटो कसा वाचायचा हेही आपोआप शिकवून होतं.

आता शिस्त. त्या मुलावर चिडू नका, त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला म्हणा, हो, शिस्त होती, बघूया कशी होती. ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांत नेणाऱ्या गाड्यांचं भाडं जर्मन रेल्वे लावायची. तिसऱ्या वर्गाचा दर, फक्त जाण्याचा. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. ४०० माणसांहून मोठ्या गटाला सवलत. हिशेब चोख. एवढं सांगून थांबा आणि तो मुलगा काय म्हणतो ते ऐका. सेत्तेलाचं तिकीट अर्धं लागलं असतं, हे बहुतेक वेळा वर्गातूनच कोणीतरी बोलतं.

आणि मारणाऱ्यांपैकीही एक गोष्ट घ्या, नाहीतर सगळं एका हिटलरच्या माथी मारून आपण मोकळे होतो. हॅम्बुर्गची राखीव पोलीस बटालियन १०१. साधारण ५०० माणसं, बरीचशी मध्यमवयीन, कामगार आणि कारकून, बायकापोरं असलेली. १३ जुलै १९४२च्या पहाटे त्यांना पोलंडमधल्या युझेफुव गावी नेलं. त्यांचा प्रमुख मेजर ट्राप. म्हाताऱ्यांना, बायकांना आणि मुलांना गोळ्या घालायचा हुकूम आहे, असं त्याने सांगितलं, आणि वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्यांना जमणार नाही त्यांनी रांगेबाहेर यावं, असंही म्हणाला. बाराएक जण बाहेर आले. त्यांना काहीही शिक्षा झाली नाही. उरलेल्यांनी त्या दिवशी किमान १,५०० ज्यूंना मारलं. काही जण मध्येच हात आखडून बाजूला झाले, बहुतेक झाले नाहीत.

इथे वर्गात प्रचंड बोलणं होतं. "हुकूम पाळला नसता तर त्यांनाच मारलं असतं" हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि त्या बारा जणांचं काय झालं ते वर्गातलंच दुसरं कोणीतरी त्याला सांगतं. तुम्ही मध्ये पडू नका.

दुपारची_सुट्टी

सायंतारा ताईंच्या मुद्द्याला धरून: वाचवणाऱ्यांच्या गोष्टीही मुलांना हव्याच असतात, पण त्यांवर चौथा तास संपवू नका असं मला वाटतं. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबर १९४३मध्ये ७,०००हून जास्त ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं गेलं, ते सांगा. पण त्याच्या बाजूला नेदरलँड्स ठेवा, जिथे चारातले तीन ज्यू मारले गेले. दोन्ही देश जर्मनांच्या ताब्यातच होते. मग फरक का पडला, याचा विचार नववीची मुलं उत्तम करतात, नकाशा दिला तर आणखीच.

माझं आवडतं उदाहरण वॉर्साच्या घेटोतलं, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतलं. इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने तिथे गुपचूप एक संग्रह उभा केला होता, रेशनच्या चिठ्ठ्या, पत्रं, मुलांचे निबंध, सगळं. त्यातला पहिला भाग ऑगस्ट १९४२मध्ये पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून पुरला, पुढचा भाग दुधाच्या कॅनमध्ये. पेट्या १९४६मध्ये निघाल्या, दोन कॅन १९५०मध्ये. पेट्या पुरण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो इस्राएल लिख्तेनश्टाइन शिक्षक होता, आणि त्याने त्यात स्वतःचं मृत्युपत्रही ठेवलं. संपत्तीचं त्यात काही नाही. माझ्या बायकोची, गेला सेक्श्टाइन या चित्रकर्तीची आठवण ठेवा, आणि माझी मुलगी मार्गालित आज वीस महिन्यांची झाली, तिची आठवण ठेवा, एवढं मागणं. तिघंही वाचले नाहीत. मी ते वर्गात वाचतो आणि दुसरं काही बोलत नाही.

खडूधूळ

आराखडा असा करते आहे. पहिला तास फक्त पेत्र आणि त्याचं घर. दुसरा डायरी, हुकूम आणि बेरीज. तिसऱ्यात वेदेम, एव्हाचा पाव, आणि शेवटची दहा मिनिटं सेत्तेला. चौथ्यात लिलीचे भाऊ, रेल्वेचं भाडं आणि ती बटालियन. अ‍ॅनचं पुढे काय झालं ते दुसऱ्या तासाच्या अखेरीला बसवेन. मार्गालित कुठे बसते ते बघते, पण ती हवीच. ताऱ्याच्या खेळाबद्दल सहकाऱ्यांशी उद्याच बोलते.

बखरीचं_पान

छान जमलंय. दोनच सूचना. चौथ्या तासाला गर्दी होते आहे, बटालियनची चर्चा तासाभरात आटपत नाही. लिलीचे भाऊ तिसऱ्या तासाला न्या आणि सेत्तेलाला दुसऱ्या तासाच्या शेवटी, अ‍ॅनच्या जोडीला घ्या. वेस्टरबोर्क दोघींचंही आहे. आणि रोज शेवटची पाच मिनिटं काहीही न शिकवता मोकळी सोडा. कोणाला बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर बसेल. मुलं एकदम खेळाच्या मैदानावर जाऊ नयेत, आणि रात्री एकटीनेच या सगळ्याचा विचार करत बसू नयेत.

मुख्याध्यापकांकडे पाचवा तास आत्ताच मागून ठेवा.